एकांकिका महोत्सव करायचाय? मग आधी दुसऱ्या खर्ड्याला जागा करा

प्रश्न थोडक्यात असा: ‘आम्ही तालुक्याच्या गावातले नऊ जण. कॉलेजात असताना स्पर्धेत एकांकिका केल्या, आता नोकऱ्या आणि शेती सांभाळून नाटक करतो. आम्हाला स्पर्धा भरवायची नाही. नव्या लेखकांच्या नव्या एकांकिकांचा दोन दिवसांचा महोत्सव करायचा आहे. लेखक कुठून मिळवायचे, निवड कशी करायची, किती महिने लागतील, पैशांचं काय, आणि बक्षीस नसेल तर लोक येतील का?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. लोक येतात. लेखक आणि संघही येतात. पण बक्षिसाच्या जागी तुम्ही त्यांना दुसरं काहीतरी खरोखर द्यावं लागतं. ते काय, हे सांगण्यासाठी मला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

मी तीस वर्षं एकांकिका लिहितो आणि बसवतो. गेली बाराएक वर्षं बहुतेक वेळ इतरांच्या संहितांवर जातो, त्यातही ज्यांचं नाव अजून कुठल्याच निमंत्रणपत्रिकेवर छापलेलं नाही अशांच्या. मी स्वतः स्पर्धेतून आलो. मराठीत नवा नाटककार बहुतेक वेळा तिथूनच येतो. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा 1963 पासून पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात होते आहे. फिरोदिया करंडक आहे, मुंबईत आयएनटीची स्पर्धा आहे. वर्षभरात ठिकठिकाणी पहिल्या आलेल्या एकांकिकांना 25 जानेवारीच्या रात्री चतुरंग या संस्थेच्या ‘सवाई’ स्पर्धेत एकमेकींसमोर उभं राहावं लागतं. त्या रात्रीचं प्रेक्षागृह ज्याने विंगेतून पाहिलं आहे, त्याला जन्मभर नाटक सोडवत नाही. वेळ पाळणं, मिळेल त्या वस्तूत नेपथ्य उभं करणं, बॅकस्टेजच्या पोराला नटाइतकाच मान देणं, हे सगळं मला स्पर्धेनेच शिकवलं. म्हणून स्पर्धेबद्दल वाईट बोलणाऱ्यांत मी नाही.

पण एक गोष्ट स्पर्धेला जमत नाही आणि ती तिच्या रचनेतच आहे. तारीख जाहीर होते, संघ जमतो, विषय शोधला जातो, कोणीतरी चार रात्री जागून लिहितो आणि पाचव्या दिवशी उभी तालीम, म्हणजे हालचालींसह तालीम, सुरू होते. रंगमंचावर जातो तो पहिला खर्डा. तालमीत त्यातली वाक्यं कापली जातात, दोन पंच वाढतात, शेवटी संगीत चढतं, पण लेखक पुन्हा एकटा बसून पहिल्या पानापासून लिहीत नाही. त्याला तेवढा वेळच मिळत नाही. 2022 साली पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी एकाही एकांकिकेला करंडक न देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा केवढा गदारोळ झाला. पोरांचे कष्ट मातीमोल केले असं काहींना वाटलं, परीक्षक खरं बोलले असं काहींना. दोन्ही बाजू मी कळवळून ऐकल्या. मला त्यात सर्वांत जास्त जाणवलं ते हे, की त्या निकालानंतरही त्यातल्या कुठल्या लेखकाला आपली संहिता घेऊन कुणाजवळ तरी बसावं आणि ती पुन्हा लिहावी अशी जागा आपण सगळ्यांनी मिळून फारशी तयारच केलेली नाही.

तुमचा महोत्सव ती जागा होऊ शकतो. बक्षिसाऐवजी द्यायचं ते हे: संहितेचं नीट वाचन, दुसरा खर्डा लिहायला वेळ, आणि तो खर्डा मनापासून बसवणारी माणसं. दोन दिवसांचे प्रयोग हे त्या कामाचं शेवटचं टोक समजा. काम सहा-सात महिन्यांचं आहे.

यात नवीन काही नाही. महेश एलकुंचवारांची ‘सुलतान’ ही एकांकिका 1967 मध्ये ‘सत्यकथा’ मासिकात आली, विजया मेहतांनी ती वाचली आणि पुढे ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने एलकुंचवारांच्या एकांकिका रंगमंचावर आणल्या. आधी संपादकाचे डोळे, मग दिग्दर्शिकेचे, मग प्रेक्षक. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने सतीश आळेकरांच्या पुढाकाराने 1985 ते 1994 या काळात नव्या नाटककारांसाठी योजना चालवली, आणि तिला जोडून गावोगावच्या नाट्यसंस्थांसाठीही. या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत रेज या संस्थेने लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरबरोबर ‘रायटर्स ब्लॉक’ केला. त्यात लेखकांनी शिबिरात लिहायला घेतलं, खर्ड्यांवर चर्चा झाल्या, पुन्हा लिहिलं आणि मग महोत्सव झाला. पैसे, शहर, भाषा वेगवेगळी, पण प्रत्येक ठिकाणी लिहिणं आणि प्रयोग यांच्या मध्ये कुणीतरी वाचणारा होता. तुमच्या गावात तो वाचणारा तुम्हाला व्हायचं आहे.

आता वेळापत्रक. तुम्ही विचारलंत किती महिने. जूनच्या पहिल्या आठवड्यात आवाहन करा आणि महोत्सव जानेवारीच्या सुरुवातीला ठेवा. संहिता 15 जुलैपर्यंत. ऑगस्टमध्ये निवड आणि पहिलं वाचन. मग गणपती येतात, तेव्हा तुमचे निम्मे कलाकार मंडळाच्या मांडवात असतील, त्यांना मोकळं सोडा. तो काळ लेखकांचा, त्यांनी लिहावं. दसऱ्यानंतर दुसरं वाचन. दिवाळीचा फराळ संपला की बैठ्या तालमी आणि मग उभ्या. ऑगस्ट-सप्टेंबर पुरुषोत्तमचे असतात, नोव्हेंबरच्या सुमारास राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी असते, डिसेंबरात शाळा-कॉलेजांची गॅदरिंग. याच्याशी भांडू नका, चांगली पोरं तिथे गुंतलेली असतात. त्यांना ‘हे की ते’ निवडायला लावलंत तर ती ‘ते’ निवडतील आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

लेखक कुठून आणायचे? व्हॉट्सॲपवर सूचना फिरवली की नाटकवाल्यांनाच कळतं. मला सर्वांत जिवंत संहिता नाटकवाल्यांच्या वर्तुळाबाहेरून मिळाल्या आहेत. एक दूध संकलन केंद्रावर फॅट मोजणाऱ्या तरुणाची, एक अंगणवाडी सेविकेची, एक एसटीच्या वाहकाची. तालुक्याच्या वाचनालयात जा, तिथल्या ग्रंथपालांना विचारा की नाटकाची पुस्तकं कोण नेतं. कॉलेजच्या वार्षिक अंकाच्या संपादकांना भेटा, कथा लिहिणारं कोणीतरी असतंच. भजनी मंडळात, दशावतारात, झाडीपट्टीत, जिथे जो खेळ असेल तिथे उभ्या-उभ्या संवाद रचणारी माणसं असतात. त्यांनी ‘एकांकिका’ हा शब्द कधी वापरला नसेल, पण समोरच्याला कुठे अडवायचं आणि कुठे बोलू द्यायचं हे त्यांना कित्येक पदवीधरांपेक्षा जास्त कळतं.

आवाहनात दोन गोष्टी स्पष्ट लिहा. पहिली, विषय नाही. ‘स्त्री-भ्रूणहत्या’, ‘शेतकरी’, ‘पर्यावरण’ असा विषय दिलात की माणसं विषयावर लिहितात आणि पात्रं निबंध म्हणू लागतात. दुसरी, कल्पना किंवा सारांश नको, पहिल्यापासून शेवटापर्यंत लिहिलेला खर्डा हवा, कितीही कच्चा असला तरी. सारांश कुणाचाही चांगला असतो. ज्याने एकदा तरी शेवटच्या पानापर्यंत गाडं नेलं आहे, त्याच्याशीच पुढे बोलता येतं. हाताने लिहिलेला चालेल म्हणा. त्याचा फोटो काढून पाठवला तरी घ्या आणि तुमच्यातल्या कुणीतरी टाईप करून द्या. एवढ्या एका वाक्याने आमच्या अशाच महोत्सवाकडे येणाऱ्या बायकांच्या संहिता वाढल्या.

लांबीची मर्यादा पंचवीस ते चाळीस मिनिटं ठेवा. सिडनीत 2002 मध्ये सुरू झालेल्या ‘शॉर्ट अँड स्वीट’ महोत्सवासारखी दहा मिनिटांची नाटकं करावीत असं हल्ली पुष्कळांना वाटतं. मी करून पाहिलं. आपल्याकडे दहा मिनिटांचं म्हटलं की स्किट येतं, कारण तो साचा टीव्हीमुळे सगळ्यांच्या कानात बसलेला आहे. अर्ध्या तासात माणूस एकदा खोटं बोलू शकतो, ते खोटं पकडलं जाऊ शकतं आणि त्यानंतर काय होतं हेही दाखवता येतं. नव्या लेखकाला तेवढी जागा लागते. टाईप केलेल्या एका पानाला दीड ते दोन मिनिटं असा आमचा अंदाज असतो, म्हणजे अठरा-वीस पानं पुरेत.

निवड तिघांनी करावी, पाचांनी नाही. पाच जण जमले की सगळ्यांना बरी वाटणारी संहिता निवडली जाते आणि एकाला वेड लावणारी मागे राहते. संहितेवरचं नाव झाका. तिघांपैकी एक जण नाटकवाला नसलेला असू द्या. मी एकदा गावातल्या निवृत्त तलाठी बाईंना बसवलं होतं. वाटणीच्या भांडणावरच्या तीन संहिता त्यांनी ‘हे असं होत नाही’ म्हणून बाजूला ठेवल्या आणि कसं होतं ते सांगितलं. त्या ऐकण्यातून एका लेखकाला पूर्ण दुसरा खर्डा सुचला. निवडताना मी स्वतःला एकच गोष्ट विचारतो: या संहितेत असं एक तरी पान आहे का, जे फक्त याच माणसाला लिहिता आलं असतं? तसं पान असेल तर बाकीची सतरा फसलेली चालतील. गुळगुळीत, स्पर्धेसाठी घासलेली, शेवटी धक्का देणारी संहिता मी अशा महोत्सवासाठी घेत नाही. तिला जायला दुसरी दारं आहेत. आणि ज्यांना नकार द्याल त्या प्रत्येकाला पाच ओळींचं पत्र लिहा, त्यात त्याच्या संहितेतल्या एका प्रसंगाचं नाव असू द्या. आमच्या दुसऱ्या वर्षीच्या सहा लेखकांपैकी चार जण पहिल्या वर्षी नाकारलेले होते.

आता पहिल्या वाचनाबद्दल सविस्तर सांगतो, कारण महोत्सव इथे तरतो किंवा बुडतो.

लेखकाने स्वतःची एकांकिका स्वतः वाचू नये. त्याला चाली माहीत असतात, पानावर नसलेलं तो आवाजाने भरून काढतो आणि सगळ्यांना वाटतं, छानच आहे. नटांना दोन दिवस आधी संहिता द्या, पण ‘करून दाखवू नका, सरळ वाचा’ असं बजावा. रंगसूचना वाचायला एक वेगळा माणूस. खोलीत पंधरा-वीस जण पुरेत, त्यात चार-पाच नाटकाशी संबंध नसलेले. लेखक भिंतीशी बसतो, हातात संहिता न घेता. त्याने लोकांच्या चेहऱ्यांकडे पाहायचं.

वाचन संपलं की आपली सवय म्हणजे सूचना. ‘शेवट बदल’, ‘ती आई मेली पाहिजे’, ‘इथे एक गाणं टाक’. हे थांबवा. आमच्याकडे नियम आहे की पहिला अर्धा तास कुणीही उपाय सांगायचा नाही, फक्त काय झालं ते सांगायचं. लक्ष कुठे सुटलं? काय कळलं नाही? वाचन संपल्यावर कोण डोळ्यांसमोर राहिलं? लेखकाने उत्तरं द्यायची नाहीत, लिहून घ्यायची. समर्थन करायला तोंड उघडलं की ऐकणं बंद होतं, हे मी माझ्यावरूनच सांगतो.

एक उदाहरण देतो. वर ज्या दूध केंद्रावरच्या तरुणाचा उल्लेख केला, त्याची एकांकिका दोन भावांवर होती. सामाईक विहीर, अबोला, कोर्टाची तारीख. अठ्ठावीस पानं, त्यातली पंचवीस भावांची भांडणं. वाचनानंतर मी विचारलं, कोण डोळ्यांसमोर राहिलं? सहा जणांनी थोरल्या भावाच्या बायकोचं नाव घेतलं. तिला चार वाक्यं होती. शेतीची थ्री फेज लाईट रात्री असते. दोघे भाऊ बोलत नसल्यामुळे पहाटे दोनला मोटार चालू करायला ती जाते, आणि कुणाला न सांगता अर्धा तास पाणी दिराच्या पाटाला सोडून येते. लेखकाने हे जाता जाता लिहिलं होतं, कारण त्याच्या लेखी ते रोजचंच होतं. तो मला बाहेर चहाच्या टपरीवर म्हणाला, ‘सर, ते काय नाटक आहे होय? आमच्या आईचं असंच चालायचं.’ मी काहीच बोललो नाही. पाच आठवड्यांनी त्याने दुसरा खर्डा आणला. तो विहिरीच्या काठावर, रात्री दोन ते अडीच एवढ्या अर्ध्या तासात घडत होता. ती, तिची बॅटरी, आणि मध्येच जाग येऊन आलेला दीर. भावांचं भांडण त्यात एकदाही दिसत नव्हतं आणि सगळीकडे होतं. प्रयोगाच्या रात्री मोटार बंद होते तो आवाज आला आणि साडेतीनशे माणसं श्वास रोखून बसली. ही एकांकिका पहिल्या खर्ड्यात दडलेली होती. स्पर्धेच्या घाईत ती अठ्ठावीस पानांच्या भांडणासकट रंगमंचावर गेली असती.

वाचनानंतर प्रत्येक लेखकाला एक सोबती द्या. त्याला मार्गदर्शक म्हणू नका, त्या शब्दाने माणूस वर चढून बसतो. सोबत्याचं काम पंधरा दिवसांतून एकदा फोन करणं, नवी पानं वाचणं आणि प्रश्न विचारणं. त्याने स्वतः एक ओळही लिहायची नाही. हे पाळायला फार कठीण आहे, विशेषतः चांगल्या लेखकांना.

आणि दिग्दर्शक. नवा लेखक आणि अनुभवी दिग्दर्शक अशी जोडी लावण्याचा मोह होतो. माझा सल्ला, दिग्दर्शक वयाने आणि अनुभवाने लेखकाच्या आसपासचाच असू द्या. लेखकाला तालमीत बसायला सांगा आणि दिग्दर्शकाला त्याची सवय लावा. मराठीत याची थोर परंपरा आहे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मधलं बेणारेबाईंचं शेवटचं स्वगत तेंडुलकरांनी आधी लिहिलेलं नव्हतं, ते दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहामुळे तालमींच्या काळात लिहिलं गेलं. तालमीतल्या गरजेने लेखकाला पुन्हा कागदाकडे पाठवलं. पाठवलं, हे महत्त्वाचं. दिग्दर्शकाने स्वतः लिहून टाकलं नाही.

मी मात्र एकदा तसं केलं आहे आणि त्याचा सल अजून आहे. एका मुलीच्या एकांकिकेचा शेवट मला ‘बसत’ नव्हता. दोन बहिणी न बोलता भाजी निवडत बसतात आणि अंधार होतो, एवढंच तिने लिहिलं होतं. रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी मी त्यात एक पत्र घातलं, पार्श्वसंगीत घातलं आणि थोरलीला रडवलं. टाळ्या पडल्या. ती मला नीट नमस्कार करून गेली आणि नंतर तिने नाटक लिहिलं नाही. काही वर्षांनी मी ती मूळ दोन पानं पुन्हा वाचली. तिचं बरोबर होतं. म्हणून आता आमच्या करारात एक ओळ आहे: लेखकाच्या लेखी होकाराशिवाय संहितेतला एकही शब्द बदलला जाणार नाही. तुम्हीही ती घाला.

भाषेबद्दल एक. नवे लेखक संहिता पाठवताना आपली बोली पुसून पाठवतात. आगरी, अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, सगळं पुण्याच्या वळणाचं करतात, कारण परीक्षकांना कळेल की नाही ही धास्ती असते. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ आधी एकांकिका होतं आणि मालवणीतच होतं. ती मालवणी किती लांब गेली हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पहिल्या वाचनाच्या वेळीच लेखकाला विचारा, घरी हे वाक्य कसं बोलाल? तो हसून जे बोलेल ते लिहून घ्या.

तांत्रिक बाजू पटकन उरकतो, कारण ती तुम्हाला येते. सहा एकांकिका असतील तर रोज तीन. सगळ्यांना एकच मूळ मांडणी द्या: चार लेव्हल (लाकडी चौथरे), दोन बाकडी, एक दाराची चौकट, मागे काळा पडदा. हातात धरून नेता येईल तेवढं प्रत्येकाचं स्वतःचं सामान. प्रकाशाची जुळणी एकच, त्यात प्रत्येक एकांकिकेला दोन दिवे आपल्या मनाप्रमाणे हलवायची मुभा. दोन प्रयोगांमध्ये दहा मिनिटं. सभागृह मोठं मिळत असेल तरी शाळेचा हॉल घ्यायला कचरू नका. 1974 पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये जे घडवलं, त्यामुळे प्रायोगिक नाटकाच्या त्या सगळ्या चळवळीलाच शाळेचं नाव पडलं. आठशे खुर्च्यांत दीडशे माणसं बसली की नवा लेखक खचतो. दोनशेच्या हॉलमध्ये तीच दीडशे माणसं म्हणजे गर्दी.

एका गोष्टीत मात्र कसूर नको. महाराष्ट्रात नाटकाच्या जाहीर प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉर बोर्डाचं, प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी संहिता आधी पाठवावी लागते, आणि जी पाठवली त्याप्रमाणेच प्रयोग व्हायला हवा. तुम्ही तर लेखकांना पुन्हा पुन्हा लिहायला सांगणार. म्हणून अंतिम खर्ड्याची तारीख ठरवताना प्रमाणपत्राला लागणारे आठवडे धरा. माझ्या मते दिवाळीआधी संहिता बंद झाली पाहिजे. एकांकिकेत एखादं चित्रपटगीत किंवा कुणाची कविता असेल तर त्याची परवानगीही त्याच वेळी मागा, आदल्या रात्री नाही.

पैसे. सर्वांत आधी लेखकाचं मानधन बाजूला काढा, मग हॉल, मग दिवे, मग जेवण. आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो. मांडववाल्याला आगाऊ, लाईटवाल्याला रोख आणि लेखकाला शाल. सहा लेखकांना प्रत्येकी 5,000 रुपये म्हणजे 30,000 होतात. तेवढे जमत नसतील तर सहाऐवजी चारच एकांकिका करा, पण लेखकाची रक्कम कमी करू नका. माझ्या ओळखीच्या एका मुलाने त्या पैशातून पहिल्यांदा टेबल घेतलं. तोपर्यंत तो चुलीपुढच्या पाटावर कागद ठेवून लिहायचा. देणगी मागताना व्यापाऱ्यांना, डॉक्टरांना एकेका एकांकिकेचं पालकत्व द्या: ‘या लेखकाचं मानधन तुमच्याकडून.’ त्यांना दुसऱ्या वाचनाला बोलवा. खर्डा बदललेला पाहिला की पुढच्या वर्षी ते आपणहून विचारतात. तिकीट लावाच, पन्नास रुपये का होईना. फुकट पासवर आलेला माणूस दुसऱ्या एकांकिकेनंतर उठतो.

हक्कांबद्दल एका पानाचा करार पुरतो. संहिता लेखकाची, कायम. तुमच्या संस्थेला महोत्सवातले प्रयोग आणि पुढच्या एका वर्षात ठरावीक प्रयोग करण्याचा हक्क. त्यानंतर कुणालाही करायची असेल तर लेखकाचं परवानगीपत्र आणि मानधन. हे नव्या लेखकाला कुणी सांगत नाही. त्याची एकांकिका तीन जिल्ह्यांत स्पर्धेला होते आणि त्याला ते फेसबुकवर कळतं.

प्रेक्षकांबद्दल तुम्हाला भीती आहे, ती मी समजू शकतो. बक्षीस समारंभ नसेल तर शेवटी काय? शेवटी लेखक. प्रत्येक प्रयोगानंतर पाच मिनिटं लेखकाला रंगमंचाच्या कडेला बसवा आणि प्रेक्षकांना बोलू द्या. आमच्याकडे पहिल्या वर्षी भाषणं ठेवली होती, चाळीस मिनिटं गेली आणि पोरं मेकअपमध्ये घामाघूम झाली. दुसऱ्या वर्षी ती काढून टाकली. विहिरीच्या एकांकिकेनंतर मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, ‘आमच्याकडं पण एक बाई असंच करायची. आम्हाला ठाऊक होतं. कोण बोललं नाही.’ आणि बसले. त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. तो लेखक आज चौथी एकांकिका लिहितो आहे.

महोत्सव झाला की दोन आठवड्यांत सगळ्या संहिता एकत्र बांधून घ्या. छापील पुस्तकाची घाई नको, चांगल्या कागदावरच्या पन्नास झेरॉक्स प्रती पुष्कळ झाल्या. एक तालुक्याच्या वाचनालयात, एकेक जवळच्या कॉलेजांत. सोबत लेखकाचा पत्ता आणि परवानगीच्या अटी. प्रेमानंद गज्वींच्या ‘घोटभर पाणी’सारखी एकांकिका इतक्या गावांत आणि भाषांत पोहोचली, ती संहिता हातोहात फिरली म्हणून. प्रयोगाची चित्रफीत पाहून कुणी एकांकिका उचलत नाही, ते फक्त नक्कल करतात.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण जुलैच्या 15 तारखेला तुम्हाला पडणार आहे. संहिता कमी आल्या तर? आमच्या पहिल्या वर्षी अकरा आल्या होत्या. त्यातल्या आठ जुन्या स्पर्धेतल्या, नाव बदललेल्या. उरल्या तीन. मंडळी म्हणाली, जुन्या गाजलेल्या तीन घालू आणि सहा भरू. मी नाही म्हणालो, आणि आम्ही एका संध्याकाळी तीनच केल्या. तुमच्याकडे दोन आल्या तर दोन करा. दोनदा वाचा, दोनदा लिहून घ्या, एका संध्याकाळी दाखवा आणि तिथेच पुढच्या जूनची तारीख जाहीर करा. पहिल्या वाचनाचा दिवस ठरला की मला कळवा. मला कागद आधी पाठवू नका. मीही बाकीच्यांबरोबर पहिल्यांदाच ऐकेन.